बेसलाइन मागच्या वर्षीच्या वहीत आहे, सर

पत्र

मॅडम, नमस्कार. मी सिडकोत मुलींचा कबड्डी संघ चालवतो. दिवसा शाळेत पीटीचा शिक्षक, संध्याकाळी सहा ते आठ मैदानावर. बावीस मुली आहेत. आमची मुख्य रेडर १८ वर्षांची. जानेवारीत एका सामन्यात चढाईवरून परत वळताना तिचा उजवा गुडघा फिरला. कोणी धरलंही नव्हतं. ‘कट’ असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, पूर्ण तुटल्याचं निघालं. फेब्रुवारीच्या मध्याला ऑपरेशन झालं, तिच्याच मांडीमागची शीर काढून नवीन लिगामेंट बसवलं. आता सहा महिने झाले.

आमच्याकडे दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी सगळ्यांची फिटनेस टेस्ट असते. ३० मीटर स्प्रिंट, उभी लांब उडी, १० मीटरची चार वेळा शटल (जा-ये पळणं) आणि शेवटी बीप टेस्ट, म्हणजे बीपच्या तालावर वेग वाढवत जा-ये पळणं. चार वर्षांचे आकडे वह्यांत लिहिलेले आहेत. माझा विचार असा, की तिचीही त्याच दिवशी टेस्ट घ्यावी. तिचा बेसलाइन मिळेल आणि नोव्हेंबरच्या निवड चाचणीपर्यंत किती भरून काढायचं ते कळेल. फिजिओ ‘इतक्यात नको’ म्हणतात, पण मग केव्हा, ते सांगत नाहीत. तिचे वडील म्हणतात, पोरगी गोल्फ क्लबवर रोज चार फेऱ्या पळते, परवा पांडवलेणी चढून आली, मग अडलंय कुठं? पुढच्या वर्षीही ती ज्युनिअर गटात बसते, पण हे वर्ष वाया जाऊ नये असं आम्हा सगळ्यांनाच वाटतं. तिला विचारलं तर म्हणते, ‘सर, तुम्ही म्हणाल तसं.’ टेस्ट घ्यावी का? घ्यायची तर केव्हा?

– एक प्रशिक्षक, सिडको, नाशिक

उत्तर

सर, नमस्कार.

रविवार जवळ आलाय म्हणून उत्तर आधी सांगते. त्या रविवारी तिची टेस्ट घेऊ नका. नोव्हेंबरच्या निवड चाचणीच्या यादीतूनही तिचं नाव काढा. राग आला असेल तर एक चहा घ्या आणि मग पुढचं वाचा, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही स्वतःच एका ओळीत उरकून टाकलीय: चार वर्षांच्या वह्या.

बेसलाइन म्हणजे खेळाडू धडधाकट असताना, तयारीत असताना त्याचं शरीर काय करत होतं त्याची नोंद. तुमच्या रेडरची बेसलाइन मागच्या वर्षीच्या वहीत पडून आहे. या सप्टेंबरमध्ये तिला पळवून जो आकडा मिळेल तो सहा महिने अर्धवट बसून राहिलेल्या शरीराचा असेल. त्याला ‘आजची स्थिती’ म्हणा, हरकत नाही. पण बेसलाइन म्हणून एकदा का तो वहीत गेला, की पुढे प्रत्येक वेळी ‘बघा, सप्टेंबरपेक्षा किती सुधारली’ असं वाटत राहणार. सुधारली आहे हे खरं असेल, पण मैदानात उतरण्याइतकी सुधारली का, हे त्या आकड्यावरून कधीच कळणार नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. सात-आठ वर्षं झाली असतील. एक फुटबॉल खेळणारा मुलगा माझ्याकडे होता, हेच ऑपरेशन, साडेसहा महिने झालेले. दोन्ही पायांवर लंगडी-उड्या घ्यायला लावल्या, टेप लावली, भागाकार केला. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या ९६ टक्के. ९० टक्क्यांच्या वर गेला की पास, असं तेव्हा मी मानत होते. आजही पुष्कळ जण मानतात. मी खुशीत सही केली. तिसऱ्या सामन्यात त्याच गुडघ्याचं तेच लिगामेंट पुन्हा गेलं. नंतर जुने कागद काढून बसले तेव्हा लक्षात आलं, की ९६ टक्के खरे होते, पण ते कशाचे, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

तुम्ही नाशिकचे, त्यामुळे हे तुम्हाला एका वाक्यात समजेल. गोदेला पूर आला की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. हे माप चालतं, कारण मारुती जागचा हलत नाही. समजा मारुतीच दरवर्षी हातभर खाली खचत असता, तर? एका पायाची दुसऱ्याशी तुलना करताना नेमकं हेच होतं. ऑपरेशननंतर सहा महिने खेळ बंद, पळणं बंद, उड्या बंद. या काळात ‘चांगला’ पायही खचतो. मग आजारी पाय त्याच्या बरोबरीला आला म्हणून आपण टाळ्या वाजवतो.

आकडे घेऊन दाखवते. हे केवळ उदाहरण आहे, तुमच्या मुलीचे आकडे नाहीत. दुखापतीआधी एका पायाची लंगडी-उडी दोन्हीकडे १६० सेंटिमीटर होती असं धरा. सहा महिन्यांनी डावी, म्हणजे चांगली बाजू १३८ आणि उजवी १२६. उजवीला डावीने भागलं तर ९१ टक्के, पास. तेच १२६ जुन्या १६० शी ताडून पाहिले तर ७९ टक्के, सपशेल नापास. एकच पाय, एकच उडी. फरक एवढाच, की शेजारी कुठला आकडा ठेवला.

ही माझ्या एकटीच्या पश्चात्तापाची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशाच ७० खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ऑपरेशनच्या आधीच चांगल्या पायाची ताकद आणि उड्या मोजून ठेवल्या होत्या. सहा महिन्यांनी एका पायाची दुसऱ्याशी तुलना केली तर सगळ्या कसोट्यांत ९० टक्के गाठणारे निघाले ५७ टक्के. चांगल्या पायाचा ऑपरेशनआधीचा आकडा समोर ठेवला तेव्हा उरले जेमतेम २९ टक्के. पुढे ११ जणांना दुसऱ्यांदा दुखापत झाली. त्यातले ८ जण पहिल्या पद्धतीने पास झालेले होते, आणि त्या आठांपैकी ६ जण दुसऱ्या पद्धतीने नापास ठरले असते. माझा फुटबॉलवाला त्या सहांच्याच जातकुळीतला.

म्हणून पहिलं काम: तिच्या फिजिओला फोन लावा आणि ‘टेस्ट केव्हा घेऊ’ हा प्रश्न बाजूला ठेवून विचारा, ‘ऑपरेशनच्या आधी डाव्या पायाचं काही मोजलं होतं का?’ जानेवारीची दुखापत आणि फेब्रुवारीच्या मध्यातलं ऑपरेशन यांच्यामध्ये काही आठवडे गेले. त्या काळात सूज उतरवायला आणि पाय सरळ करायला तिला व्यायाम दिले असतीलच, आणि शहाण्या फिजिओने तेव्हाच डाव्या पायाची ताकद टिपून ठेवली असेल. ती नोंद सापडली तर सोनं. नसेल तर ऑपरेशननंतरची डाव्या पायाची सगळ्यात जुनी नोंद घ्या, आणि तुमच्या वहीतून तिच्याच वजनाच्या, तिच्यासारखीच चढाई करणाऱ्या दोन-तीन मुलींचे आकडे काढून शेजारी ठेवा. अगदी काटेकोर नाही, पण मारुती निदान खचणारा तरी नसेल.

तुमच्या वहीत तिची मागच्या वर्षीची ३० मीटरची वेळ आणि उभी लांब उडी आहे. दोन्ही उपयोगाच्या, पण उडीबाबत सावध राहा. ती दोन पायांवरची आहे. ऑपरेशन झालेला खेळाडू दोन पायांवर उडी मारताना नकळत भार चांगल्या पायावर टाकतो; उडताना थोडा आणि उतरताना जास्तच. टेप म्हणते दोन मीटर, गुडघा म्हणतो मी तर कामालाच लागलो नाही.

आता वडिलांच्या मुद्द्याकडे येते. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपलं गाव पळणाऱ्यांचं. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, मग संजीवनी जाधव आली. आपल्याकडे पोरगी पळायला लागली म्हणजे बरी झाली, हा हिशेब घराघरांत पक्का आहे. पण एसीएलला सरळ पळण्याचं फारसं ओझं होत नाही. ते लिगामेंट कामाला लागतं ते धावता धावता एकदम थांबताना, एका पायावर उतरताना, आणि पाय जमिनीत रोवून अंग दुसरीकडे फिरवताना. तुमच्या मुलीचा गुडघा गेला तोही परत फिरतानाच, कोणी हात लावलेला नसताना. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चारच काय, दहा फेऱ्या मारल्या तरी तो क्षण एकदाही येत नाही. पांडवलेणीबद्दल वडिलांना एकच विचारा: चढून आली ते ऐकलं, उतरली कशी? पायरीगणिक उजवा पाय खाली टाकून डाव्यावर भार घेत, की सरळ? चढताना दम लागतो, पण मांडीच्या पुढच्या स्नायूची खरी परीक्षा उतरताना होते. ती कठड्याला धरून उतरली असेल, तर तुम्हाला अर्धं उत्तर तिथंच मिळालं.

बीप टेस्टचंही तेच. आपण तिला दमाची टेस्ट म्हणतो, पण गुडघ्याच्या दृष्टीने ती वळणांची टेस्ट आहे. २० मीटर जायचं, पाय रोवायचा, पूर्ण उलटं फिरायचं. ताशी साडेआठ किलोमीटरला सुरू होते आणि दर लेव्हलला अर्धा किलोमीटर वाढते. सहावी लेव्हल संपेपर्यंत पन्नासच्या आसपास वळणं होतात, आणि शेवटची वळणं पाय थकलेले असताना, वेग सगळ्यात जास्त असताना, बाजूला मैत्रिणी ‘चल, अजून एक’ म्हणून ओरडत असताना. सहा महिन्यांच्या ग्राफ्टला, म्हणजे त्या बसवलेल्या शिरेला, याहून वाईट वेळ मी ठरवून शोधू म्हटलं तरी सापडणार नाही. तुमच्या शटलमध्येही तीन उलटी वळणं आहेत, तीही पूर्ण वेगात.

ग्राफ्टबद्दल दोन शब्द. बसवतात त्या दिवशी ती शीर चांगली मजबूत असते. मग शरीर तिला आपलंसं करायला घेतं. जुन्या पेशी जातात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात, धागे नव्याने विणले जातात. या घालमेलीत पहिले काही महिने ती बसवल्या दिवसापेक्षाही कमकुवत असते आणि पुरती पिकायला वर्षाहून जास्त लागतं. फसवणूक अशी, की दुखणं मात्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच थांबतं. त्यामुळे खेळाडूला वाटतं बरं झालं, आणि आतलं काम अजून अर्ध्यावरच असतं.

नऊ महिने हा आकडा तुम्ही ऐकला असेल. तोही हवेतून आलेला नाही. अमेरिका आणि नॉर्वेतल्या खेळाडूंवरच्या २०१६ च्या अभ्यासात असं दिसलं, की मैदानावर परतणं जितकं लांबवलं तितका पुन्हा दुखापतीचा दर दर महिन्यामागे जवळपास निम्म्याने उतरत गेला, आणि ही उतरण नवव्या महिन्यापर्यंत चालू राहिली. स्वीडनमधल्या तरुण खेळाडूंत नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांना नव्या दुखापतीचा दर सुमारे सातपट होता. तुमची मुलगी १८ वर्षांची, वळणा-वळणांचा खेळ, त्यातही रेडर. तिचे नऊ महिने नोव्हेंबरच्या मध्याला भरतात. म्हणजे निवड चाचणीच्या वेळी ती फार तर परीक्षेला बसण्यालायक झालेली असेल. निवड चाचणी म्हणजे तर थेट सामना. समोरच्या संघातल्या मुली ‘ऑपरेशन झालंय, हळू पकडा’ म्हणणार नाहीत, आणि म्हणू नये. पुढच्या वर्षी ती याच गटात आहे, हे तुम्हीच लिहिलंय. आणि नऊ महिने हा उंबरठा आहे, तारीख नव्हे. नऊ भरले पण ताकद भरली नाही, तर दहा, अकरा, बारा.

तुमचा खरा प्रश्न ‘केव्हा’ हा होता आणि फिजिओंनी तो टोलवला. मी त्यांना दोष देत नाही, कारण याला एक तारीख नसते. प्रत्येक टेस्ट वेगळा प्रश्न विचारते, आणि आधीच्या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा विचारायचा नसतो.

सगळ्यात आधी गुडघा शांत हवा. शांत म्हणजे सूज नाही, पाय पूर्ण सरळ होतो, रोजच्या कामात दुखत नाही. सूज बघायची तर वाटीच्या आतल्या बाजूने बोट वर सरकवायचं, मग बाहेरच्या बाजूने खाली. आत पाण्याची लाट उठताना दिसली तर टेस्ट रद्द. सुजलेल्या गुडघ्यावर मांडीचा स्नायू आपोआप आखडता हात घेतो, म्हणजे त्या दिवशीची ताकद खोटीच कमी येणार.

गुडघा शांत असेल तर याच महिन्यात ताकद मोजता येईल, फिजिओसमोर, दोन्ही पायांची, बसल्या जागी. यात उडी नाही, वळण नाही. सहाव्या महिन्याला ही एक टेस्ट मी आवर्जून घ्यायला सांगेन, कारण पुढच्या तीन महिन्यांत काय करायचं ते तीच ठरवते. उजव्याची ताकद डाव्याच्या ८० टक्क्यांच्याही खाली असेल तर उड्यांचा विषय काढूच नका, दीड महिना नुसते बैठका आणि एका पायाचे व्यायाम. वर असेल तर उतरायला शिकवा: आधी दोन पायांवर, मग एका, गुडघा आत न पडता, आवाज न करता. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला लंगडी-उडीची टेस्ट: एक लांब, सलग तीन, रेषेच्या इकडून तिकडे तिरक्या तीन, आणि सहा मीटर अंतर वेळ लावून. टेपवरचा आकडा जितका महत्त्वाचा, तितकाच मोबाइलवरचा व्हिडिओ. लांब उडी मारून गुडघा आत कोसळत असेल तर तो आकडा वहीत लिहा, पण पास म्हणू नका.

वळणं याला समांतर चालू द्या. आधी मोठे आठ काढत पळणं, मग ४५ अंशांत, मग काटकोनात, सगळ्यात शेवटी उलटं फिरणं. आधी ठरलेल्या जागी, मग तुम्ही शिट्टी माराल तिथं. हे दोन-तीन आठवडे बिनासूज झालं की मग बीप टेस्ट. माझ्या अंदाजाने ऑक्टोबर संपताना किंवा नोव्हेंबर उजाडताना. तोवर तिचा दम जाणून घ्यायचाच असेल तर सायकल आहे. आणि नोव्हेंबरच्या मध्याला सगळ्या टेस्ट एकत्र, तुमच्या वहीतल्या आणि फिजिओच्या, पण दोन दिवसांत विभागून: पहिल्या दिवशी ताकद आणि उड्या, एक दिवस आराम, मग धावणं. प्रत्येक टेस्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूज तपासा. टेस्ट हाही गुडघ्यावरचा भारच आहे, त्याचं बिल दुसऱ्या दिवशी येतं. सगळं जुन्या आकड्याच्या ९० टक्क्यांवर आलं, तरी त्यानंतर तीन-चार आठवडे आधी बिनपकडीचा, मग हलक्या पकडीचा सराव. मॅटवरचा पहिला खरा सामना जानेवारीत.

मी तिचा गुडघा पाहिलेला नाही. मेनिस्कसलाही, म्हणजे गुडघ्यातल्या गादीलाही, टाके घातलेले असतील तर हे सगळं आणखी पुढे सरकेल. सर्जन आणि फिजिओ जे म्हणतील ते माझ्या वरचं. फक्त नोव्हेंबरची ती टेस्ट तुम्ही स्वतः घेऊ नका. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही; ज्याला संघ उतरवायचा आहे त्याच्या हातात घड्याळ असलं की बोट किंचित लवकर दाबलं जातं. मी तुमच्या जागी असते तर माझंही दाबलं गेलं असतं.

पत्रातल्या दुसऱ्या एका वाक्याने मला जास्त काळजी लावली. ‘सर, तुम्ही म्हणाल तसं.’ शंभरातल्या नव्वद मुली हेच म्हणतात, आणि त्याचा अर्थ हो नसतो, नाही नसतो. तो बऱ्याचदा भीती असतो. मनाची तयारी मोजायची एक प्रश्नावली आहे, बाराच प्रश्न आहेत, फिजिओकडे मिळेल; गुण शंभरापैकी. पण त्याआधी तुम्ही किंवा संघातली एखादी मोठी ताई तिच्याशी एकटीशी बोला, वडिलांसमोर नको. विचारा, ‘चढाईत निदान रेषा (समोरच्या अंगणातली बॉक लाइन) ओलांडल्यावर परत फिरायचं म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं?’ ती गप्प झाली तर गप्प राहू द्या. शरीर ९५ टक्के आणि मन ४० टक्के असलेली रेडर अर्धवट वळते, आणि अर्धवट वळणं हे पूर्ण वळण्यापेक्षा धोक्याचं.

त्या रविवारी तिला घरी बसवू नका. स्टॉपवॉच देऊन बाजूला उभं करायचं असेल तर आधी तिला विचारा. काहींना ते आवडतं, काहींना ती शिक्षा वाटते. त्यापेक्षा तिचीही टेस्ट घ्या, तिच्या शरीराचा जो भाग पूर्ण बरा आहे त्याची. दंड, प्लँक, बसून मेडिसिन बॉल फेकणं. मला तर वाटतं त्यात ती बाकीच्यांना मागे टाकेल, सहा महिने तेच करत असणार बिचारी.

आता उरलेल्या एकवीस जणी. खरं तर हे पत्र मला त्यांच्यासाठीच लिहावंसं वाटलं. एसीएलची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. कबड्डीत पुढच्या चार वर्षांत यांच्यातल्या एखादीचा गुडघा जाणारच नाही, असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. त्या दिवशी तिची बेसलाइन वहीत हवी, आणि ती एका-एका पायाची हवी. म्हणून या वर्षीपासून टेस्टमध्ये लंगडी-उडी घाला: प्रत्येक पायावर तीन, उतरून दोन सेकंद न हलता उभं राहायचं, हललं तर उडी बाद, तिन्हींतली मोठी लिहायची. फुकटचं काम आहे, टेप आणि खडू लागतो.

पण सर, सप्टेंबरचा पहिला रविवार मला बेसलाइनसाठी पसंत नाही. गणपतीच्या आसपासचे दिवस. तुमच्यातल्या निम्म्या मुली ढोल पथकात असणार. नाशिकला राहून पोरगी ढोलाला गेली नाही असं होतं का? रोज दोन-तीन तास ढोल कमरेला बांधून वाजवणाऱ्या मुलीचे पाय रविवारी सकाळी ताजे नसतात. ज्यांचं पथक नाही त्यांच्या शाळा-कॉलेजचा धावपळीचा काळ. हंगामाच्या सुरुवातीची टेस्ट जरूर घ्या, पण ती सरावाचं नियोजन करण्यासाठी. बेसलाइन म्हणून जपायचा आकडा हा खेळाडू तयारीत असतानाचा हवा, म्हणजे पाच-सहा आठवडे नीट सराव झाल्यावरचा. सुट्टीतून परतलेल्या, सुस्तावलेल्या मुलीची उडी बेसलाइन म्हणून लिहिली, तर उद्या जखमी झाल्यावर ती त्या आकड्याला सहज गाठेल आणि आपण पुन्हा टाळ्या वाजवू. शिवाय लंगडी-उडी पहिल्यांदा मारताना कुणालाच नीट जमत नाही. आदल्या आठवड्यात दोनदा नुसता सराव करून घ्या, नाहीतर तुम्ही ताकद मोजताय की नवखेपणा, ते कळणार नाही. सोळाच्या आतल्या मुलींची दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. उंची-वजन बदललं की जुनी उडी त्यांची राहत नाही.

टेस्टचा क्रम उड्या, स्प्रिंट, शटल आणि शेवटी बीप, असा ठेवा. दरवेळी तीच वेळ, तेच बूट, तीच जमीन. मॅटवर घेतलेली उडी मातीवरच्या उडीशी जुळवू नका, आणि पावसाने मैदान ओलं असेल तर तो रविवार सरळ सोडून द्या. एखादीचा आदल्या दिवशीचा उपास असेल तर तेही पानाच्या कडेला लिहून ठेवा. नवरात्रात तर हटकून.

शेवटी ताकद मोजायचं. मोठ्या क्रीडा-केंद्रात त्यासाठी महागडं यंत्र असतं. तिला तिथं पाठवणं शक्य असेल तर उत्तम. नसेल तर आपल्या जिल्ह्यात एक वस्तू मुबलक आहे: कांदा-द्राक्षवाल्यांचा लटकता डिजिटल काटा. लासलगाव, पिंपळगावकडे ओळख काढा, कुणीही एक दिवसासाठी देईल. जड बाक किंवा टेबल घ्यायचं, मुलगी त्यावर बसली की पाय लोंबते राहिले पाहिजेत आणि गुडघा काटकोनात. घोट्याच्या वर पट्टा, पट्ट्याला काटा, काटा मागे बाकाच्या पायाला आडवा बांधलेला. ती पाय पुढे ढकलायचा प्रयत्न करते, पाय हलत नाही, काटा आकडा दाखवतो. हळूहळू जोर वाढवत पाच सेकंद, तीन वेळा, मध्ये एक मिनिट विश्रांती. काट्याच्या पडद्याचा मोबाइलने व्हिडिओ घ्या आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा उचला. पट्टा गुडघ्यापासून किती सेंटिमीटरवर होता तेही लिहा, कारण पुढच्या वेळी दोन बोटं खाली बांधला तरी आकडा बदलतो. तुमच्या रेडरचा उजवा पाय मात्र फिजिओ शेजारी असतानाच, आणि दुखलं तर तिथंच थांबायचं.

पट्टा सायकलच्या ट्यूबचा नको, ती ताणते. ट्रकवर माल आवळतात तो विणलेला पट्टा घ्या, आणि बाक भिंतीला टेकवून ठेवा. नाहीतर कॉर्नरला खेळणारी एखादी दांडगट पोरगी बाकासकट पुढे येईल.